फोनमधली जागा मोकळी कशी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः अँड्रॉइड फोनसाठी आहेत, कारण आपल्याकडे घरोघरी तेच असतात. आयफोनवाल्यांसाठी शेवटाकडे एक प्रश्न आहे. कंपनीगणिक मेनूची नावं थोडी इकडेतिकडे होतात. अडलात तर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत ‘स्टोरेज’ टाइप करा, बहुतेक फोनमध्ये थेट तिथेच पोहोचाल.

फोन ६४ जीबीचा आहे आणि मी त्यात काहीच ठेवलेलं नाही. मग भरला कसा?

६४ च्या ६४ जीबी तुमच्या वाट्याला कधीच आल्या नव्हत्या. अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच टाकून दिलेली ॲप्स मिळून १५ ते २० जीबी पहिल्या दिवसापासून अडवून बसतात. उरलेल्यात बँक, यूपीआय, रेल्वे, फेसबुक, इन्स्टाग्राम अशी रोजची ॲप्स येतात आणि दर अपडेटला थोडी थोडी फुगतात. त्यानंतर जे उरतं ते फोटो-व्हिडिओंसाठी.

‘मी काहीच ठेवलं नाही’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरंच असतं. तुम्ही ठेवलं नाही, व्हॉट्सॲपने ठेवलं. पन्नाशीपुढच्या कुणाचाही फोन उघडा, गॅलरीत त्यांनी स्वतः काढलेले फोटो कमी आणि सूर्योदय, गुलाब आणि ‘शुभ सकाळ’च जास्त सापडतील.

सुरुवात कुठून करू? मी आधी ॲप्स काढायला घेतली आहेत.

थांबा. बँकेचं ॲप काढून फार तर शे-दोनशे एमबी मिळतात आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा टाकून सगळं व्हेरिफिकेशन नव्याने करावं लागतं. तेवढी जागा मुलीच्या गॅदरिंगचा दोन मिनिटांचा व्हिडिओ एकटा घेतो.

आधी सेटिंग्जमधलं ‘स्टोरेज’ उघडून नुसतं वाचा. ॲप्स, फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, डॉक्युमेंट्स, सिस्टीम असे भाग आणि त्यांचे आकडे दिसतात. जो आकडा सगळ्यात मोठा, तिथूनच कामाला लागा. ‘सिस्टीम’च्या वाटेला जाऊ नका, तिथे आपल्या हातात काही नसतं.

आणि एक नियम पाळा. ज्या फोटोची किंवा फाइलची दुसरी प्रत कुठे आहे हे तुम्हाला सांगता येत नाही, ती गोष्ट आज डिलीट करायची नाही. पुढची बरीचशी उत्तरं या नियमाभोवतीच फिरतात.

व्हॉट्सॲपने किती जागा घेतली आहे हे कुठे कळतं?

व्हॉट्सॲप उघडा, वरचे तीन ठिपके दाबा, सेटिंग्ज, मग ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. वर एकूण आकडा दिसतो. त्याखाली ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्सचा गठ्ठा आणि अनेकदा फॉरवर्ड होऊन आलेल्यांचा वेगळा गठ्ठा. त्याच्या खाली चॅट आणि ग्रुप, जास्त जागा खाणारा सगळ्यात वर.

हा क्रम मजेशीर असतो. माझ्या पाहण्यात पहिला नंबर जवळजवळ नेहमी नातेवाइकांच्या ग्रुपचा, दुसरा सोसायटीचा किंवा दहावीच्या बॅचचा. ज्या माणसाशी रोज बोलतो तो बिचारा कुठेतरी विसाव्या नंबरवर असतो.

फॉरवर्डचा गठ्ठा आधी उघडा. तिथे हात आखडता घेण्याचं कारण नाही, जे हजारो लोकांकडे फिरतंय ते हरवत नसतं. त्यानंतर मोठ्या फाइल्स, आकारानुसार क्रम लावून. इथे मात्र एकेक पाहा. साखरपुड्याचा व्हिडिओ, डॉक्टरांनी पाठवलेला रिपोर्ट, गावच्या जमिनीच्या कागदाचा स्कॅन, असलं काहीतरी कीर्तन आणि विनोदी व्हिडिओंच्या मध्ये दडलेलं असतं. ठेवायचं ते आधी दुसरीकडे सेव्ह करा, मग बाकीच्यांवर बोट दाबून धरून निवडा आणि काढून टाका.

पूर्ण ग्रुपच रिकामा करायचा असेल तर ‘क्लिअर चॅट’ आहे. त्याआधी कामाच्या मेसेजना स्टार करून ठेवा. क्लिअर करताना स्टार केलेलेही काढायचे का, असं विचारलं जातं, त्या चौकटीत खूण करू नका. ग्रुप जागेवर राहतो, तुम्ही ग्रुपमध्ये राहता आणि काकांना काही कळत नाही.

साफ केलं, पण महिन्याभरात पुन्हा भरलं.

नळ चालू ठेवून लादी पुसली तर असंच होणार. ‘स्टोरेज अँड डेटा’मध्येच ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ आहे. मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग असे तीन भाग असतात. व्हॉट्सॲपने स्वतःहून ठेवलेली मांडणी अशी, की मोबाइल डेटावर फक्त फोटो आपोआप उतरतात, पण वायफायवर व्हिडिओ आणि डॉक्युमेंटसकट सगळंच. घरात वायफाय आल्यापासून आईचा फोन सारखा का भरतो, याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. वायफायच्या भागातल्या सगळ्या खुणा काढा. आता फोटो धूसर दिसेल आणि हवा असेल तरच बोट लावून उतरवायचा. व्हॉइस मेसेज मात्र तरीही आपोआप येतात, ते बंद होत नाहीत.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हा बदल सांगून करा. नाहीतर संध्याकाळी फोन येतो, ‘अरे, माझे फोटो दिसायचे बंद झाले.’

डिसअपिअरिंग मेसेज लावले, म्हणजे २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी मेसेज आपोआप जातील असं ठरवलं, तरी ऑटो-डाउनलोड चालू असेल तर गॅलरीत उतरलेला फोटो तिथेच राहतो. दोन्ही सेटिंग्ज एकत्र बदलली तरच उपयोग.

गॅलरीतून व्हॉट्सॲपचे फोटो उडवले तर चॅटमधूनही जातात का?

मेसेज राहतो, फोटो उघडत नाही. फाइल फोनमध्ये नाही असा निरोप येतो आणि पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावा लागतो. म्हणून गॅलरीपेक्षा ‘मॅनेज स्टोरेज’मधून साफ करणं बरं.

व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये ‘सेंट’ आणि ‘डेटाबेसेस’ दिसतात. काढू का?

‘सेंट’ काढा, ‘डेटाबेसेस’ला सध्या हात लावू नका.

तुम्ही कॅमेऱ्यातला व्हिडिओ कुणाला पाठवता तेव्हा व्हॉट्सॲप त्याची आकाराने लहान केलेली प्रत बनवून ‘सेंट’मध्ये ठेवतं. मूळ व्हिडिओ कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये असतोच. म्हणजे एकच व्हिडिओ दोनदा. फाइल्स ॲपमध्ये अँड्रॉइड, मीडिया, मग व्हॉट्सॲपचं फोल्डर, त्यात पुन्हा मीडिया, असं आत गेलात की फोटो आणि व्हिडिओ अशा प्रत्येक फोल्डरच्या पोटात एक ‘सेंट’ सापडेल. मूळ प्रत कॅमेऱ्यात आहे याची खात्री करा आणि रिकामं करा.

‘डेटाबेसेस’मध्ये तुमच्या संभाषणांचा बॅकअप असतो. रोज पहाटे २ वाजता नवा बनतो आणि गेल्या काही दिवसांचे शिल्लक राहतात. गुगल खात्यावर बॅकअप सुरू नसेल तर फोन बदलताना हाच कामी येतो.

इतकं डिलीट केलं, तरी आकडा हलत नाही.

कचरापेटी रिकामी केली नाहीत. गॅलरीतून काढलेले फोटो बहुतेक फोनमध्ये ३० दिवस पेटीत पडून राहतात आणि तोवर जागा अडवतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. गुगलच्या फाइल्स ॲपची पेटी वेगळी. तिन्ही रिकाम्या करा, पण आत एकदा डोकावून. चुकून गेलेलं परत मिळवायची ही शेवटची जागा.

गुगल फोटोजवर सगळं अपलोड झालंय. आता फोनमधले फोटो उडवू?

सगळ्यात जास्त रडारड या प्रश्नावर होते, म्हणून जरा सविस्तर.

गुगल फोटोज ॲप उघडून फोटोवर नेहमीची कचरापेटीची खूण दाबली, तर फोटो फोनमधूनही जातो आणि गुगलच्या खात्यातूनही. ती खूण ‘फोनमधून काढा’ एवढंच सांगत नाही. लोकांना वाटतं वर प्रत आहे, म्हणून निवांतपणे दोनशे फोटो निवडून उडवतात आणि ६० दिवसांनी वरची प्रतही गेलेली असते.

बरोबर रस्ता ‘जागा मोकळी करा’ या पर्यायाचा. ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चित्रावर टिचकी मारा, तिथे तो असतो. ज्यांची प्रत खात्यावर पोहोचली आहे तेवढेच फोटो तो फोनमधून काढतो, बाकीच्यांना हात लावत नाही. किती जागा सुटेल तेही आधी सांगतो.

तरी बटण दाबण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा.

पहिली, बॅकअप पूर्ण झाला आहे का. त्याच कोपऱ्यात कळतं. ‘वायफायची वाट पाहत आहे’ असं दिसत असेल तर काम अर्धवट आहे.

दुसरी, कुठल्या फोल्डरचा बॅकअप होतोय. कॅमेऱ्याचा आपोआप होतो. व्हॉट्सॲप, स्क्रीनशॉट, इतर ॲप्सनी बनवलेली फोल्डर्स यांचा तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय होत नाही. नातवाचे सगळे फोटो सुनेने व्हॉट्सॲपवर पाठवलेले असतील तर ते वर पोहोचलेलेच नसतात.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, ते गुगल खातं नक्की कुणाचं आहे. हसू नका. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने काउंटरवरच नवं खातं उघडून दिलं, पासवर्ड त्याने टाकला, तो ना त्याला आठवतो ना तुम्हाला. फोन चालू आहे तोवर सगळं दिसतं. फोन हरवला किंवा पाण्यात पडला की दहा वर्षांचे फोटो कुलपात आणि किल्ली कुणाकडेच नाही. म्हणून आजच सेटिंग्जमध्ये ‘गुगल’ उघडून खात्याचं नाव वहीत लिहून घ्या, पासवर्ड नवा लावा आणि रिकव्हरीसाठी स्वतःचा चालू मोबाइल नंबर जोडा. जुना फोन हातात आणि चालू असताना हे सगळं सोपं जातं.

तिन्ही झालं की लॅपटॉपवर किंवा घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर त्या खात्याने शिरा आणि एक जुना आणि एक कालचा फोटो उघडून पाहा. दिसले? मग दाबा बटण. यापुढे फोटो पाहायला इंटरनेट लागेल, एवढं लक्षात ठेवा.

गुगलची १५ जीबीच भरली आहे असं सांगतंय.

गुगल खात्यावर फुकट मिळणाऱ्या त्या १५ जीबीमध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघंही राहतात. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच मोजला जाऊ लागला, त्यामुळे अनेकांची खाती अचानक भरली. पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो मोजलेच जात नसत. ती सोय १ जून २०२१ ला संपली, पण त्याआधी तसे चढवलेले फोटो आजही मोजले जात नाहीत.

खातं भरलं की जीमेलवर मेल येणंही थांबतं, म्हणून हे टाळू नका. व्हॉट्सॲप बॅकअपच्या सेटिंगमध्ये ‘व्हिडिओसह’ हा पर्याय बंद करा, फरक लगेच दिसेल. फोटोजमध्ये दर्जा ‘स्टोरेज सेव्हर’ ठेवा. त्यात फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८० पीपर्यंत (हे व्हिडिओच्या स्पष्टतेचं माप) आणले जातात. घरच्या फोटोंना तेवढं पुष्कळ. एवढं करूनही पुरेना तर महिन्याचे पैसे भरून जागा घेण्यात कमीपणा नाही. फक्त पैसे भरणं थांबलं की जागाही जाते, हे गृहीत धरून घरी एक प्रत ठेवा.

संगणकावर कसे घ्यायचे?

केबल जोडा, फोनवर वरून खाली ओढून यूएसबीची सूचना उघडा आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. संगणकाला फोन दिसतच नसेल तर आधी केबल बदला, स्वस्तातल्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात. डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये ‘कॅमेरा’ आहे. ‘कट’ करू नका, ‘कॉपी’ करा. मधेच केबल हलली तर कटमध्ये घोळ होतो. दोन्हीकडच्या फाइल्सची संख्या जुळवा, चार-पाच व्हिडिओ चालवून पाहा, मग फोनमधून काढा. संगणक नसेल तर ओटीजी पेनड्राइव्ह थेट फोनला लागतो.

‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ यात फरक काय?

कॅशे म्हणजे ॲपने वेग यावा म्हणून जवळ ठेवलेली कामचलाऊ सामग्री. ती पुसली तर काही हरवत नाही, काही दिवसांत पुन्हा जमते. फेसबुक, इन्स्टाग्राम, क्रोम यांची अधूनमधून पुसावी, रोज पुसून उपयोग शून्य. ‘क्लिअर डेटा’ (काही फोनमध्ये ‘क्लिअर स्टोरेज’) ने मात्र ॲप कोरं होतं. लॉगिन जातं, यूपीआय पुन्हा नोंदवावं लागतं आणि फक्त फोनमध्येच राहणाऱ्या नोंदवहीसारख्या ॲपचं लिखाण कायमचं जातं.

टेलिग्रामने ७ जीबी घेतली आहे.

बिनधास्त साफ करा. टेलिग्रामच्या सेटिंग्जमध्ये ‘डेटा अँड स्टोरेज’, मग ‘स्टोरेज युसेज’. तिथलं बरंचसं त्यांच्या सर्व्हरवर असतं, लागेल तेव्हा पुन्हा उतरतं. सिनेमे, मालिका, गाणी यांची ऑफलाइन डाउनलोडही त्या त्या ॲपमध्ये जाऊन काढा, ती गॅलरीत दिसत नाहीत.

‘डाउनलोड्स’मध्ये काय काय असतं?

एकच सातबारा चार वेळा, दर महिन्याचं वीजबिल, मुलांच्या शाळेच्या सूचना, कधीच्या झालेल्या लग्नाच्या पत्रिका. पीडीएफ लहान असतात, त्यामुळे जागा फार सुटत नाही, पण हवं ते सापडायला लागतं. आधार, लायसन्ससारखी कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये मिळतात, त्यांच्या डाउनलोड केलेल्या प्रती सांभाळायची गरज नाही.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्या. लग्नपत्रिका, चलन किंवा बँकेची केवायसी अशा नावाची, पण शेवटी ‘डॉट एपीके’ असलेली फाइल दिसली तर ती पत्रिका नसून ॲप आहे. उघडू नका, काढून टाका. उघडून बसला असाल तर नेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

जाता जाता दोन फोल्डर आणखी पाहा. यूपीआयचे स्क्रीनशॉट (व्यवहाराची नोंद ॲपमध्ये असतेच) आणि कॉल रेकॉर्डिंग. ऑटो रेकॉर्डिंग कधीतरी चालू करून विसरलेले फोन मी बरेच पाहिले आहेत.

व्हिडिओ लहान व्हावेत म्हणून काय करता येईल?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ४ के ऐवजी १०८० पी, ३० फ्रेम ठेवा. नेहमीच्या पद्धतीने १०८० पीचा एक मिनिट साधारण १३० एमबी घेतो, ४ केचा ३५० च्या आसपास. म्हणजे वीस मिनिटांचं स्नेहसंमेलन एकीकडे अडीच जीबी, दुसरीकडे ७. ‘हाय एफिशिअन्सी’ किंवा एचईव्हीसी असा पर्याय असेल तर तो निवडा, आकार जवळपास निम्मा होतो. ५० किंवा १०८ मेगापिक्सेलचा मोडही रोज लावू नका. मोशन फोटो बंद ठेवा, त्यात प्रत्येक फोटोला छोटा व्हिडिओ चिकटतो.

मेमरी कार्ड टाकलं तर प्रश्न सुटेल?

फोनला खाच असेल तर फोटो आणि गाण्यांपुरता सुटेल. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘सेव्ह लोकेशन’ कार्डवर ठेवा. ॲप्स मात्र फोनमध्येच राहू द्या, कार्डवरून ती रखडतात. कार्ड टाकल्यावर फोन ते आपल्या अंतर्गत स्टोरेजमध्ये मिळवून घेऊ का असं विचारत असेल तर नाही म्हणा. तसं केलेलं कार्ड दुसरीकडे वाचता येत नाही, फोन बिघडला की तेही गेलं.

निम्म्याहून कमी किमतीला मिळणारं ५१२ जीबीचं कार्ड घेऊ नका. आत क्षमता कमी आणि आकडा खोटा लिहिलेला, असा माल बाजारात आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत फोटो नीट बसतात, पुढचे बिघडतात, आणि हे कळतं ते फोटो उघडायला गेल्यावर. संगणकावर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाच्या फुकट प्रोग्रामने नवं कार्ड तपासता येतं.

क्लीनर ॲप टाकू का?

नको. ते जे करतं ते फोनच्या सेटिंग्जमध्ये किंवा गुगलच्या फाइल्स ॲपमध्ये आहे, तेही जाहिरातींशिवाय. ‘तुमच्या फोनमध्ये १७ व्हायरस’ असं ओरडणाऱ्या आणि ॲक्सेसिबिलिटीची (म्हणजे स्क्रीनवरचं वाचायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची) परवानगी मागणाऱ्या ॲपपासून तर चार हात लांब राहा.

वापरत नाही अशी ॲप्स काढायची आहेत, पण माहिती जाऊ नये.

प्ले स्टोअरमध्ये २०२३ पासून ‘आर्काइव्ह’ची सोय आहे. ॲपचा मोठा भाग निघतो, चिन्ह आणि तुमची माहिती राहते. पुन्हा लागलं की चिन्हावर टिचकी मारायची, ते परत उतरतं. वर्षातून एकदाच लागणाऱ्या ॲप्सना हे उत्तम.

फोनमध्ये ‘४ जीबी जादा रॅम’ असं दाखवतात, ती कुठून येते?

तुमच्याच स्टोरेजमधून. रॅम प्लस, एक्स्टेंडेड रॅम, कंपनीनुसार नावं वेगळी. ६४ जीबीच्या फोनवर हे बंद करून, फोन रीस्टार्ट करून पाहा. वापरात फरक जाणवला नाही तर ती जागा तुमची.

किती जागा रिकामी असावी?

दहा ते पंधरा टक्के. ६४ जीबीला ७-८ जीबी धरा. काठोकाठ भरलेल्या स्टोरेजवर लिहायला फोनला जास्त खटपट करावी लागते, म्हणून तो अडखळतो आणि अपडेटही नाकारतो.

फॅक्टरी रीसेट मारला तर?

जागा सुटेल, पण हा शेवटचा उपाय. व्हॉट्सॲप आणि फोटोंचा बॅकअप, कॉन्टॅक्ट गुगल खात्यात गेल्याची खात्री आणि त्या खात्याचा पासवर्ड, एवढं हातात असल्याशिवाय नको. दुकानदाराने उघडलेल्या खात्याची गोष्ट वर सांगितलीच आहे.

आयफोनवर काय करायचं?

सेटिंग्ज, जनरल, ‘आयफोन स्टोरेज’. तिथेच ‘ऑफलोड’चा पर्याय आहे, तो ॲप काढतो आणि माहिती ठेवतो. फोटोंसाठी ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू करा, मूळ फोटो आयक्लाउडवर जातात आणि फोनमध्ये लहान आवृत्ती राहते. आयक्लाउडवर फुकट फक्त ५ जीबी मिळतात, त्यामुळे पैसे न भरता हे फार काळ चालत नाही. आयक्लाउड फोटोज चालू असताना फोनमधून डिलीट केलेला फोटो तिथूनही जातो, इथेही तोच सापळा आहे. ‘रिसेंटली डिलीटेड’ हा अल्बम रिकामा करायला विसरू नका.

नवा फोन घ्यायचाच आहे. किती जीबीचा घेऊ?

१२८ च्या खाली जाऊ नका. व्हिडिओ भरपूर काढत असाल तर २५६. कार्डाची खाच आहे का ते दुकानात विचारा, बऱ्याच नव्या फोनमध्ये ती नसते. आणि घरच्या मोठ्यांसाठी घेत असाल तर दुकानातच गुगल खातं उघडू देऊ नका, घरी येऊन निवांत उघडा आणि पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद करून द्या.